शेटची पडवी आणि दिवाळीच्या लाह्या

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा आपल्या आजोबांचे आजोबा अंगणात नागडे पळत होते आणि त्यांना कुणी आजोबा म्हणत नव्हतं.

त्या काळी एका नदीकाठी एक गाव होतं. गावाच्या चव्हाट्यावर एका शेटचं दुकान होतं. गूळ, मीठ, तेल, हिंग. माल चोख आणि तागडी सरळ. गोष्टीत शेट आला की तो लबाडच असणार, असं आपण धरून चालतो. हा नव्हता. याचा दोष वेगळाच होता. शेजाऱ्याच्या आंब्याला मोहर आला की याच्या पोटात दुखायचं. स्वतःचं आंब्याचं झाड नव्हतंच, तरी दुखायचं.

आणि सगळ्यात जास्त दुखायचं ते माणसांवरून. गिऱ्हाईक दुकानात यायचं, माल घ्यायचं, "बरंय शेट" म्हणायचं आणि वळायचं. बसायचं कुणी नाही. शेटने घोंगडी अंथरून ठेवली होती, पानाचं तबक पुढे मांडलं होतं, तरी नाही. चार माणसांनी आपल्याजवळ टेकावं, दोन शब्द बोलावेत, हसावं, असं त्याला आतून फार वाटायचं. हे तो बायकोलासुद्धा सांगत नसे. बायकोला न सांगताच कळलं होतं. हसू नका, तुमच्याही घरी न सांगता बरंच कळलेलं असतं.

दुकानाला लागूनच शेटची एक पडवी होती. वर कौलं, खाली धूळ, आत कुणी नाही.

एका श्रावणात, नागपंचमी तोंडावर आली असताना, गावात एक भडभुंजीण आली. भडभुंजीण म्हणजे लाह्या-फुटाणे भाजून देणारी. वयाने उतरलेली, जिभेने मात्र चढती. डोक्यावर लोखंडी कढई, काखेत चाळण आणि पाठीवर रेतीचं गाठोडं.

शेट म्हणाला, "बाई, रेती कशाला वाहून आणलीस? आमच्या नदीत रेती नाही काय?"

"असेल की. पण तिची-माझी ओळख नाही," बाई म्हणाली. "शेट, ही पडवी दिवाळीपर्यंत मला द्या. नागपंचमीला लाह्या लागतात, लक्ष्मीपूजनाला लाह्या लागतात. या दोन सणांच्या मधे मी वर्षाचं कमावते. तेवढं झालं नाही, तर उरलेलं वर्ष लेकीच्या दारात काढावं लागतं. लेक गुणाची आहे, पण जावई माझ्या ताटाकडे बघत जेवतो."

शेटने विचार केला, पडवीत नुसते उंदीर राहतात, ते काही भाडं देत नाहीत. तो कबूल झाला. चावडीवर पाटलासमोर कागद झाला. नागपंचमी ते भाऊबीज पडवी बाईची. भाडं म्हणून दर बाजाराच्या दिवशी सूपभर लाह्या आणि शेवटी पोतंभर भात. शेटने खाली सही केली. बाईने अंगठा उठवला. पाटलाने दोघांच्या हातावर गूळ ठेवला. शेट घरी येऊन बायकोला म्हणाला, "मोडक्या पडवीचं भाडं मिळवलं. गावात दुसरं कुणी मिळवलं असतं का?"

शेटाणी म्हणाली, "गावात दुसऱ्या कुणी पडवी मोडू दिली असती का?"

भट्टी पेटली. कढईत रेती तापली, तिच्यात भाताची मूठ पडली आणि तडतड तडतड लाह्या उडाल्या. वास असा सुटला, की देवळातला गुरव मंत्र विसरला. त्याला तसे फारसे येत नव्हतेच, पण जे येत होते तेही विसरला.

आता भडभुंज्याच्या कामाची एक गंमत असते. लोक आपापलं धान्य घेऊन येतात, भाजून घेतात आणि त्यातलंच पसाभर मजुरी म्हणून ठेवतात. म्हणजे प्रत्येकाला आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. थांबला की माणूस बसतो. बसला की बोलतो. बोलता बोलता कुणी ओंजळीत गरम लाह्या टाकल्या, तर तो हसतोच. पाळी होऊन जाते, तरी उठत नाही.

बघता बघता पडवी भरायला लागली. सकाळी बायका, दुपारी म्हातारे, तिन्हीसांजेला रानातून परतणारे. आठवडा उलटायच्या आत भडभुंजीण साऱ्या गावाची मावशी झाली.

शेट आपल्या दुकानात बसून हे बघायचा. मधे एक भिंत. भिंतीपलीकडे हशा आणि अलीकडे हिंग.

'आठ दिवसांत मावशी,' तो मनात म्हणायचा. 'आपला जन्म गेला या गावात, आपण अजून शेटच.'

पहिल्यांदा त्याने मान वाकडी करून बघितलं. मग भिंतीला कान लावला. त्याला वाटायचं, हे सगळे आपल्यालाच हसतात. एके दिवशी चांगला अर्धा प्रहर कान लावून ऐकल्यावर त्याला कळलं, की ते त्याच्याविषयी चकार शब्द बोलत नव्हते. त्याचं त्याला जास्त लागलं.

दुकानातलं मांजर एक दिवस उठलं, आळस दिला आणि पडवीत भट्टीच्या उबेला जाऊन झोपलं. दूध शेटचं आणि झोप मावशीची.

मग शेटाणी मूठभर हरभरे भाजून आणते म्हणून गेली, ती सूर्य डोक्यावर आल्यावर परत आली. तोंडावर हसू होतं.

"हरभरे भाजायला एवढा वेळ?" शेटने विचारलं.

"हरभरे केव्हाच भाजले. गोष्ट चालली होती."

"कसली गोष्ट?"

"तिथे असता तर कळली असती. तुम्हीही या की अहो. तुम्हाला कुणी नको म्हणालंय का?"

"मी? माझ्याच पडवीत, माझ्याच भाडेकरणीसमोर, हातात टोपली घेऊन बसू?"

"मग बसा भिंतीला कान लावून. तिथला चुना गेलाय, तेवढा मात्र लावून घ्या."

शेटने भिंतीला चुना लावून घेतला. पण पोटात जे पेटलं, ते काही विझलं नाही. बाजाराच्या दिवशी भाड्यापोटी आलेल्या लाह्या तो खाईना. त्याला त्या कडू लागायच्या. शेटाणी दोघांच्या वाटच्या खायची आणि म्हणायची, छान गोड आहेत.

हळूहळू शेटच्या मनाने एक गोष्ट पक्की धरली. ही सगळी करामत बाईची नाही, पडवीची आहे. जागाच तशी आहे. चव्हाट्यावरची, उगवतीकडे तोंड असलेली. तिथे कुणीही भट्टी लावली तरी माणसं बसणारच. मग जागा आपली असून बसतात ते तिच्याभोवती का? लाह्या म्हणजे काय, रेती तापवायची आणि भात टाकायचा. त्यात कसली आली विद्या?

असं वाटणारे पुष्कळ असतात. दुसऱ्याचं काम लांबून नेहमी सोपंच दिसतं, आणि शेट तर भिंतीआडून बघत होता.

दसरा झाला. दिवाळी जवळ आली. घराघरातून भात येऊन पडला. कुणाची घागर, कुणाचं गाडगं, कुणाचं गाठोडं. ओळखीसाठी प्रत्येकाला वेगळी चिंधी बांधलेली. लक्ष्मीपूजनाला या लाह्या लक्ष्मीपुढे मांडायच्या, त्याशिवाय त्या गावात दिवा लागत नसे. पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती, तरी लोक जागा करून बसत होते.

त्या दिवशी शेट उठला आणि तडक चावडीवर गेला.

"पाटील, मला पडवी परत पाहिजे."

"भाऊबीजेला मिळेलच की."

"आज पाहिजे."

पाटील सुपारी कातरत होता, तो थांबला. "का बरं? बाई भाडं देत नाही?"

"देते."

"भांडते?"

"नाही."

"छपराला धग लागते?"

"नाही. म्हणजे लागू शकते. शिवाय मला गुळाच्या ढेपा ठेवायला जागा पाहिजे. शिवाय माझा भाचा येणार आहे."

"भाच्याला ढेपांवर झोपवणार का?" पाटील म्हणाला. "शेट, कागदाखाली सही तुमची आहे. मी गूळ दिला तो तुम्ही खाल्लात."

"जागा माझी आहे, पाटील."

पाटलाने सुपारी तोंडात टाकली. "जागा तुमची आहे हे खरं. कुणाला आपल्या जागेतून उठवायला आपल्या गावात बंदी नाही. पण रीत तुम्हाला माहीत आहे. मुदतीआधी भाडेकरू उठवला, तर त्याने त्या जागेत बसून जे जे कबूल केलं असेल, ते उठवणाऱ्याने पुरं करायचं. मागे एकाने न्हाव्याला उठवलं होतं. अर्ध्या राहिलेल्या दाढ्या त्याला स्वतः कराव्या लागल्या. त्यातले दोघे अजून त्याच्याशी बोलत नाहीत."

दुसरा कुणी असता तर इथेच परत फिरला असता. पण शेटचे डोळे चमकले. सगळ्या गावाच्या लाह्या आपल्याकडे. म्हणजे सगळं गाव आपल्याकडे. लोक येणार, पाळी धरणार, बसणार.

"कबूल," तो म्हणाला.

पाटलाने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "पुन्हा एकदा विचार करा."

"केला."

"कधी केलात? मी तर इथेच बसलोय."

पण शेट निघाला होता.

पडवीत मावशी रेती चाळत होती. शेटने तिला बातमी सांगितली.

मावशी उठली. हात पदराला पुसले. "शेट, माझं काही चुकलं का?"

"नाही."

"धुराचा त्रास झाला?"

"नाही."

"मग हो?"

शेट कौलांकडे बघत म्हणाला, "जागा माझी आहे."

"जागा तुमचीच आहे. सहीसुद्धा तुमचीच होती," मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही, चाळलेली रेती गाठोड्यात भरली. तिचं वर्ष याच आठवड्यावर उभं होतं, आणि समोर लेकीचं दार दिसत होतं. "हा सगळा भात लक्ष्मीपूजनाच्या सकाळपर्यंत भाजून देईन असं मी बोलले होते. आता ते तुम्ही बोललात. सांभाळा."

तिने कढई डोक्यावर घेतली, गाठोडं पाठीला बांधलं आणि ती नदीकडे चालायला लागली. शेटाणी दारात उभी होती. ती मावशीला नदीपर्यंत पोचवून आली.

शेटने त्याच दिवशी नवी मोठी कढई आणली. नदीतली रेती आणली. भट्टी पेटवली आणि डोक्याला पागोटं बांधून बसला. लोक आले. रीत होती, यावंच लागलं. दोघे-चौघे बसलेसुद्धा.

शेटचा आनंद काय विचारता. त्याने कढईत भात टाकला आणि वळून विचारलं, "काय मंडळी, गोष्ट सांगू का?"

"सांगा," मंडळी म्हणाली.

शेट गोष्ट सांगू लागला. एक डोळा या माणसावर, तो हसला का? एक डोळा त्या माणसावर, तो उठतोय का? कढईवर ठेवायला तिसरा डोळा नव्हता. गोष्टीतला राजा अजून घोड्यावर बसायचा होता, एवढ्यात भाताचा कोळसा झाला. पडवी धुराने भरली. मंडळी खोकत बाहेर पडली, आणि राजा खाली उभाच राहिला.

शेटने दुसरी कढई चढवली. या वेळी आच मंद ठेवली, माणसं पळू नयेत म्हणून. भात नुसता ऊन झाला. एक दाणा फुटला नाही. तिसऱ्या वेळी आच वाढवली, तर अर्धे दाणे फुटले, अर्धे जळले आणि सगळ्यांत रेती राहिली. गुरवाने एक लाही तोंडात टाकली. दातावर कचकन आवाज झाला.

"शेट," गुरव गाल धरून म्हणाला, "लक्ष्मीचं माहीत नाही, ती देवता आहे. मला मात्र हे चावायचं नाही."

शेटला कुणाला तरी विचारता आलं असतं. भडभुंज्याची पोर सून होऊन गावात आली होती, ती पलीकडच्या आळीत राहत होती. सगळ्या गावाचा भात तिच्या एकटीने झाला नसता, पण आच कशी धरायची ते तिने सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही असं म्हणायचं. ते त्याला जमेना. तो भाजत राहिला आणि जाळत राहिला. धनत्रयोदशीच्या दुपारी पडवीत तीन ढीग होते. काळा, कच्चा आणि रेतीचा. भोवती बसलेलं कुणी नव्हतं. मांजर केव्हाच शेजारी निघून गेलं होतं.

तिन्हीसांजेला पाटील आला. मागे अख्खं गाव होतं. इतकी माणसं शेटच्या दारात पूर्वी कधी जमली नव्हती, पण एकही बसायला आलेलं नव्हतं.

पाटलाने आपल्या घरची चिंधी बांधलेलं गाडगं उचलून आत बघितलं. "शेट, हे मी लक्ष्मीपुढे मांडू? ती विचारेल, पाटील, दिवाळीला बोलावलंस की शिमग्याला?"

कुणी हसलं नाही. एक नवी नवरी आपल्या गाठोड्याकडे बघून रडत होती. तिची सासरची पहिली दिवाळी होती आणि लाह्यांचा भात माहेराहून आला होता.

शेटने मान खाली घातली. "जेवढा जळला तेवढा भात माझ्या कोठारातून देतो," तो म्हणाला. आणि मग फार हळू म्हणाला, "पण भाजता मला येत नाही."

एवढे चार शब्द आधी बोलला असता तर ही गोष्ट अर्ध्यात संपली असती. पण मग तुम्हाला काय ऐकवलं असतं?

शेटाणी पुढे झाली. "उचला पोती," ती म्हणाली, "आणि चला नदीपलीकडे, मावशीकडे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळं गाव नदी उतरून गेलं. सर्वांत पुढे शेट, डोक्यावर भाताचं पोतं. पलीकडच्या गावात कुंभाराच्या अंगणात मावशीची भट्टी तडतडत होती आणि भोवती त्या गावची माणसं बसली होती.

"मावशी," शेट म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. "परत चल. पडवी सारवून देतो. वर्षभर राहा, भाडं नको."

मावशीने लाह्या चाळणीत ओतल्या. "कुंभाराच्या कागदावर अंगठा दिलाय, शेट. भाऊबीजेपर्यंत."

"कुंभाराला मी समजावतो."

"मला समजावू नका, शेट," कुंभार मडकं थापता थापता म्हणाला. "मला भाडेकरीण पसंत आहे. आणि तुम्ही समजावायला लागलात की काय होतं ते नदीच्या या काठालासुद्धा कळलंय."

"मग आमचं गाव काय करणार?"

"धान्य आणलंय ना?" मावशी म्हणाली. "ठेवा तिथे. या गावचं आधी होईल, मग तुमचं. पाळी धरा आणि बसा."

आणि शेट बसला. एका बाजूला गुरव, दुसऱ्या बाजूला कुणी अनोळखी म्हातारा. पाळी यायला दिवस कलायचा होता. सुरुवातीला त्याला टोमणे बसले. "शेट, रेतीच्या लाह्या संपल्या का?" कुणी म्हणालं. "शेट, त्या राजाला घोड्यावर तेवढा बसवा, बिचाऱ्याचे पाय दुखले असतील." सगळे हसले. शेटही हसला, आधी ओशाळून आणि मग खराखुरा. मावशीने येता-जाता त्याच्या ओंजळीत गरम लाह्या टाकल्या. त्या कडू नव्हत्या. त्याने राजाला घोड्यावर बसवलं, गोष्ट पुरी केली, आणि त्या अनोळखी म्हाताऱ्याने पाठीवर थाप मारून म्हटलं, "आणखी एक सांगा."

साऱ्या गावाच्या लाह्या वेळेत झाल्या. नवरीचं गाठोडं मावशीने आधी भाजून दिलं. लक्ष्मीपूजनाला दिवे लागले.

त्याआधी, लाह्या घेऊन परत येताना नदीच्या पाण्यात उभा राहून शेट बायकोला म्हणाला, "आजच्यासारखा दिवस माझ्या उभ्या जन्मात गेला नाही."

"हा दिवस नागपंचमीपासून रोज तुमच्याच दारात होता," शेटाणी म्हणाली. "वर सूपभर लाह्या देऊन जात होता."

शेटने पोतं उचलून खांद्यावर टाकलं. पोतं रिकामं होतं, तरी त्याला जड वाटलं.

मावशी पुढे दर वर्षी कुंभाराच्याच अंगणात उतरली. शेटच्या गावाला लाह्यांसाठी दर सणाला नदी ओलांडावी लागली, आणि पाणी गार लागलं की लोक शेटची आठवण काढायचे. पडवी मागायला एकदा एक शिंपी आला. जागा त्याला आवडली. शेटने आनंदाने कागद पुढे ओढला आणि सही करायला लेखणी उचलली.

शिंपी हात जोडून म्हणाला, "राग मानू नका, शेट. तुमची सही राहू द्या. शेटाणीबाईंचा अंगठा असेल तर चालेल."

तेव्हापासून त्या पडवीचा कारभार शेटाणीच्या अंगठ्यावर चालतो, आणि भाडंही तिच्याच कनवटीला जातं.

तर मंडळी, ध्यानात ठेवा: दिलेला शब्द हेव्यापायी मोडला, तर दुसऱ्याचं सुख आपल्या हाती येत नाही, त्याचं काम तेवढं अंगावर पडतं आणि आपलं नाव जातं.